चित्र चकाचक, आवाज मात्र गायब! होम व्हिडिओच्या सहा चुका आणि तुमच्या धंद्यासाठी सहा धडे



आजचा पाठ खास त्यांच्यासाठी आहे, जे व्हिडिओशी संबंधित काही ना काही छोटा धंदा करतात किंवा सुरू करायच्या विचारात आहेत. जुन्या व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देणं, लग्नाचे व्हिडिओ, शॉर्ट फिल्म, क्लासेसचे कोर्स, दुकानांच्या जाहिराती, यातलं काहीही असो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ग्राहक चित्राचं कौतुक करतो आणि आवाजाची तक्रार करतो.

स्वतःचाच अनुभव आठवा. मोबाइलवर चित्र थोडं अंधुक असलं तरी आपण बघत राहतो. पण बोलणं कळेनासं झालं की? दहा सेकंदांत बंद! तरीही नवीन माणूस धंद्यात उतरतो तेव्हा सगळं बजेट कॅमेऱ्यावर घालवतो आणि आवाजाकडे शेवटच्या दिवशी, शेवटच्या पाच मिनिटांत बघतो.

ही चूक फक्त छोट्यांची नाही. मोठमोठ्या स्टुडिओंनी घरी बघण्यासाठी काढलेल्या सिनेमांच्या डिस्कमध्येही आवाजाचे घोळ झालेले आहेत. त्यांच्याकडे पैसा होता, तज्ज्ञ होते, तरी झाले. मग आपण त्यांच्या चुकांतून फुकटात का शिकू नये? चला, एकेक बघू.

चूक १: सुरुवातीची पाच मिनिटं ऐकली आणि माल पाठवला

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९८चा युद्धपट. याला पाच ऑस्कर मिळाले आणि त्यातले दोन आवाजाच्या कामासाठी होते, एक ध्वनीसाठी आणि एक ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी. म्हणजे आवाज हीच ज्याची ओळख, असा सिनेमा.

२०१० साली पॅरामाउंटने त्याची ब्लू-रे डिस्क बाजारात आणली. आणि लोकांच्या लक्षात आलं की सिनेमाच्या काही भागात आवाज आणि चित्र जुळत नाही. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. कंपनीने चूक मान्य केली, माल परत मागवला आणि दुरुस्त डिस्क बदलून दिल्या.

आता यातला धंद्याचा मुद्दा बघा. आवाज सुरुवातीपासून बिघडलेला असता तर तो तपासणीत लगेच सापडला असता. मधेच किंवा पुढे जाऊन बिघडणारा आवाज हा खरा धोका. आपल्या कामात तो कसा येतो? जुनी कॅसेट संगणकावर घेताना टेप जिथे खराब असते तिथे चित्राच्या काही फ्रेम सुटतात. आवाज मात्र सलग चालू राहतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका सेकंदात २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. अशा २५ फ्रेम सुटल्या की आवाज आणि चित्र यांच्यात एक सेकंदाचा फरक पडला! सुरुवातीला सगळं बरोबर असतं, हळद व्यवस्थित दिसते, आणि मंगलाष्टकांपर्यंत येईतो भटजींचे ओठ आणि 'सावधान' यांची फारकत झालेली असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज चित्राच्या आधी आला तर माणसाला ते फार लवकर खटकतं. उशिरा आला तर थोडं चालून जातं. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाच्या लक्षात येतं, पण उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. कारण सोपं आहे. निसर्गातही वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. उलटं कधीच होत नाही.

*धडा:* प्रत्येक फाइल किमान तीन ठिकाणी तपासा. सुरुवात, मध्य आणि शेवट. जिथे माणूस कॅमेऱ्यासमोर बोलतोय किंवा टाळी वाजवतोय अशी जागा शोधा, म्हणजे सिंक लगेच कळतो.

चूक २: वेग बदलला, आवाज चिरका झाला

सिनेमा एका सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. पाल टीव्ही २५ फ्रेमने. मग पाल देशांसाठी कॅसेट किंवा डीव्हीडी काढताना वर्षानुवर्षं सोपा मार्ग वापरला गेला, तो म्हणजे सिनेमाच थोडा जोरात चालवायचा! वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो. आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नाही, तर सूरही चढतो. किती? हार्मोनियमवर पांढरी पट्टी आणि तिला लागून असलेली काळी पट्टी यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या सुमारे ७० टक्के. सामान्य प्रेक्षकाला बहुतेक कळत नाही. पण ज्याला ते गाणं पाठ आहे, त्याच्या कानाला लगेच बोचतं.

आपल्या कामात याचा मोठा भाऊ भेटतो. ऑडिओ सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, व्हिडिओचा साधारणपणे ४८ किलोहर्ट्झचा. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग चुकलं आणि ४४.१ची फाइल ४८ समजून चालली, तर तासाभराचा आवाज ५५ मिनिटांत उरकतो आणि सूर जवळजवळ दीड पट्टी वर जातो. ग्राहकाला हे तांत्रिक भाषेत सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, "दादा, आमच्या आजोबांचा आवाज असा नव्हता हो." आणि तो बरोबर असतो!

*धडा:* काम सुरू करतानाच प्रोजेक्टचं सेटिंग २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झ आहे ना, हे बघा. ग्राहकाचा आवाजाबद्दलचा शब्द कधीही उडवून लावू नका. त्या घरचा आवाज त्याला तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

चूक ३: मूळ आवाज काढून 'नवा, सुधारलेला' दिला

'जॉज' हा १९७५चा सिनेमा. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आणि त्यालाच ध्वनीचं ऑस्कर मिळालं. २००० साली डीव्हीडी आली तेव्हा त्यावर नव्याने केलेला ५.१ सराउंड आवाज होता आणि काही ध्वनिपरिणामही बदललेले होते. मूळ मोनो आवाज डिस्कवर नव्हताच. चाहते नाराज झाले. पुढे २००५च्या डीव्हीडीवर मूळ मोनो आवाज परत आला.

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं (१९५८) असंच. १९९६मध्ये त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. त्यात पावलं, गोळीबार असे अनेक आवाज नव्याने तयार केले गेले. काम मेहनतीचं होतं, पण जुन्या सिनेमात हे नवे आवाज उपरे वाटतात, अशी टीका झालीच.

आपल्याकडे 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगीत होऊन आला तेव्हा नौशाद यांच्या देखरेखीखाली संगीत नव्याने ध्वनिमुद्रित झालं, पण गायकांचे मूळ आवाज तसेच ठेवले गेले. काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून केलेलं काम कसं असतं, याचं हे उदाहरण.

तुमच्याकडे बारशाची कॅसेट येते. मागे टीव्ही चालू आहे, भांड्यांचा आवाज आहे, कोणीतरी खोकतंय. तुम्ही हौसेने सगळं साफ करता आणि वर छान म्युझिक टाकता. ग्राहक बघतो आणि गप्प होतो. कारण ते खोकणं त्याच्या वडिलांचं होतं, आणि वडील आता नाहीत.

*धडा:* मूळ फाइल कायम जपायची. देताना दोन फाइल द्यायच्या, एक 'मूळ' आणि एक 'साफ केलेली'. यात तुमचा जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य आहे, पण ग्राहकाला निवड मिळते आणि तुमच्यावर 'आमचा आवाज घालवला' असा ठपका येत नाही.

चूक ४: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे

२००४ साली पहिला 'स्टार वॉर्स' डीव्हीडीवर आला. मागच्या स्पीकरमधलं संगीत त्यात डावं-उजवं उलटं झालेलं होतं. जगातला सर्वांत लाडका सिनेमा, लाखो चाहते, प्रत्येक सेकंद पाठ असलेले! अशा ग्राहकांपासून काहीही लपत नाही.

आपल्याला पाच स्पीकरचं काम क्वचित येतं. पण दोन वाहिन्यांत घोळ होतोच. त्याचे दोन प्रकार सांगतो.

पहिला प्रकार: जुन्या कॅमेऱ्याचा आवाज एकाच बाजूला येतो. टीव्हीवर कळत नाही, पण ग्राहक हेडफोन लावतो आणि त्याला एकाच कानात ऐकू येतं. उपाय सोपा आहे. ती वाहिनी दोन्ही बाजूंना कॉपी करा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. एखाद्या वायरची जोडणी उलटी झाली की डाव्या-उजव्या वाहिन्या एकमेकींच्या विरुद्ध चालतात. हेडफोनवर आवाज येतो, जरा पोकळ वाटतो इतकंच. पण एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना खोडतात आणि मधोमध असलेला बोलण्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो! तुम्ही म्हणता "माझ्याकडे नीट येतंय", ग्राहक म्हणतो "माझ्याकडे काहीच येत नाही". दोघंही खरं बोलत असता आणि भांडण मात्र होतं.

*धडा:* प्रत्येक फाइल एकदा हेडफोनवर आणि एकदा मोनोमध्ये ऐका. मोनोमध्ये आवाज गेला तर एका वाहिनीचा फेज उलटा करा. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'इन्व्हर्ट' नावाचा पर्याय असतो.

चूक ५: थिएटरचा आवाज जसाच्या तसा घरात आणला

घरी सिनेमा बघताना रिमोट हातातून सुटत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. संवाद आला की आवाज वाढवा, स्फोट झाला की कमी करा. का होतं असं?

थिएटरमध्ये आवाजाची पातळी ठरलेली असते. तिथे मोठ्यात मोठा आवाज एका वाहिनीतून १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. हळू आवाज आणि मोठा आवाज यांतलं अंतर प्रचंड असतं, कारण हॉल शांत असतो आणि स्पीकर दांडगे असतात. घरात बाजूला पंखा फिरतोय, कुकरची शिट्टी होतेय, शेजारी लहान मूल झोपलंय. तिथे आपण आवाज कितीतरी कमी ठेवतो. मग हळू बोललेले संवाद पंख्याखाली दबून जातात. त्यात ५.१चा आवाज टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरमध्ये कोंबला जातो. संवादांसाठी जो वेगळा मधला स्पीकर होता, तो इथे नसतोच. म्हणून चांगले स्टुडिओ घरासाठी वेगळं मिश्रण करतात. पण ते करताना जास्त दाबलं तर आवाजातला जीवच जातो, आणि त्याचीही तक्रार येते.

*धडा:* तुमचा ग्राहक जिथे बघणार आहे, तिथे तुम्ही ऐका. नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ महागड्या स्पीकरवर तपासून काय उपयोग? संवाद आधी नीट बसवा, मग म्युझिक त्याच्याखाली ठेवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आवाज ठेवा. त्यापेक्षा मोठा असेल तर यूट्यूब तो स्वतःच खाली आणतं, म्हणजे ओरडून फायदा नाही.

चूक ६: माध्यमाची मर्यादा न ओळखणं

साध्या व्हीएचएस कॅसेटवर आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीत असतो. पाल व्हीएचएसची टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते. आपली साधी गाण्याची कॅसेट सरकते ४७.६ मिलिमीटर. म्हणजे व्हीएचएसचा वेग निम्माही नाही! म्हणूनच तो आवाज बोदा आणि खरखरीत येतो. नंतर हाय-फाय व्हीएचएस आलं. त्यात आवाज फिरत्या हेडने नोंदवला जातो आणि तो कितीतरी चांगला असतो. पण तुमचा व्हीसीआर हाय-फाय नसेल, तर टेपवर असलेला चांगला आवाज तो वाचणारच नाही. ग्राहकाच्या कॅसेटमध्ये सोनं आहे आणि तुम्ही चिल्लर काढून देताय, असा प्रकार.

आपल्याकडे घराघरात पोचलेल्या व्हीसीडीचंही तसंच. साध्या सीडीत चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे, म्हणून आवाजाला सेकंदाला २२४ किलोबिट एवढीच जागा. त्यात ती व्हीसीडी कॅसेटवरून आणि ती कॅसेट दुसऱ्या कॅसेटवरून केलेली असेल, तर प्रत्येक पिढीत खरखर वाढत गेलेली असते.

मग खरखर काढायचा मोह होतो. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते पूर्ण फिरवलं की शांतता! पण खरखर आणि 'स', 'श', 'च' यांचे वरचे सूर एकाच भागात राहतात. खरखर गेली की 'सासूबाई'मधला 'स'ही जातो आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. जुन्या सिनेमांच्या अनेक डिस्कवर हीच तक्रार असते.

*धडा:* खरखर शून्य करू नका, शब्द कळेपर्यंतच कमी करा. हाय-फाय व्हीसीआर घ्या, हेड साफ ठेवा आणि शक्य तिथे ग्राहकाकडे मूळ कॅसेट मागा, कॉपी नको. कोकणातून किंवा मुंबईच्या दमट घरांतून आलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी आहे का, ते आधी खिडकीतून बघा. बुरशीची कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर ती टेप तर जाईलच, शिवाय बुरशी हेडवरून पुढच्या ग्राहकाच्या कॅसेटवर जाईल.

आता पैशाचं बोलू

"सर, एवढं तपासायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. म्हणून हिशोबच करू.

समजा तुमच्याकडे १० कॅसेट आल्या, प्रत्येकी ३ तासांच्या. कॅसेट जोरात चालवून घेता येत नाही, म्हणजे मशीनचे ३० तास गेले. प्रत्येक फाइल तपासायला १५ मिनिटं धरा. एकूण अडीच तास.

आता तपासणी केली नाही आणि दहातलं फक्त एक काम परत आलं असं धरा. पुन्हा ३ तास मशीन, तासभर एडिटिंग, ग्राहकाची फेरी, तुमचे फोन. चार तास तर सरळ गेले. म्हणजे नुसत्या वेळेच्या हिशोबातही तपासणी स्वस्त पडते. आणि त्या ग्राहकाने त्याच्या भावकीत काय सांगितलं, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

यात एक फरक विसरू नका. स्टुडिओकडे मूळ प्रत असते, त्यामुळे डिस्क बदलून देता येते. तुमच्या हातातली कॅसेट ही त्या घरातली एकमेव प्रत असते. ती बिघडली तर बदलून द्यायला जगात दुसरी नाही. म्हणून कॅसेट घेताना पावतीवर तिची अवस्था लिहा, ग्राहकाची सही घ्या आणि मूळ फाइल किमान ९० दिवस तुमच्याकडे ठेवा.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. घरगुती कार्यक्रमांच्या कॅसेटचंच काम घ्या. बाजारातल्या सिनेमांच्या कॅसेट किंवा डिस्कच्या कॉपी करून विकणं हा कॉपीराइट कायदा, १९५७ खाली गुन्हा आहे. "सगळेच करतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

डिलिव्हरीपूर्वीची यादी (प्रिंट काढून मशीनवर चिकटवा)

१. कॅसेटला बुरशी, तुटकी टेप नाही ना?
२. सेटिंग २५ फ्रेम, ४८ किलोहर्ट्झ?
३. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडे ओठ आणि शब्द जुळतात?
४. हेडफोनवर दोन्ही कानांत आवाज?
५. मोनोमध्ये बोलणं ऐकू येतं?
६. साध्या मोबाइलवर, पंखा चालू ठेवून, शब्द कळतात?
७. 'मूळ' आणि 'साफ केलेली' अशा दोन्ही फाइल तयार?
८. मूळ फाइलची दुसरी कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर?

आणि तरीही चूक झाली तर?

पॅरामाउंटने जे केलं तेच करा. मान्य करा, माल परत घ्या, दुरुस्त करून द्या, पैसे मागू नका. "तुमचाच टीव्ही खराब असेल" हे वाक्य तोंडातून काढू नका. आधी त्याच्या टीव्हीवर, त्याच्याच घरी जाऊन ऐका. चूक झाली म्हणून ग्राहक तुटत नाही. चूक झाल्यावर आपण कसे वागलो, त्यावरून तुटतो किंवा जोडला जातो.

आजचा गृहपाठ

तुम्ही गेल्या महिन्यात दिलेलं कोणतंही एक काम उघडा. अजून धंदा सुरू केला नसेल तर घरच्या लग्नाचा व्हिडिओ घ्या. डोळे मिटून पाच मिनिटं फक्त ऐका. कुठे शब्द कळला नाही, कुठे आवाज वर-खाली झाला, ते वहीत वेळेसकट लिहा. मग वरच्या सहा चुकांपैकी ती कोणती, ते समोर लिहा. अशी दहा कामं ऐकलीत की तुमचा कान तयार होईल आणि तुमच्या शहरात या कामासाठी लोक तुमचं नाव घेऊ लागतील.

पुढच्या पाठात याच धंद्याचे दर कसे ठरवायचे ते बघू. तासावर, कॅसेटवर की पॅकेजवर. तोपर्यंत कान उघडे ठेवा आणि कामाला लागा!